एक बंध कमी: भुईमुगातल्या उच्च ओलेइक तेलाचे प्रकरण

भुईमुगाचे दोन दाणे शेजारी ठेवले आहेत. रंग सारखा, आकार सारखा, ताजेपणी चवही सारखीच. भाजून ठेवले तर एक काही आठवड्यांत खवट लागू लागतो. दुसरा त्यानंतरही कितीतरी दिवस चांगला राहतो. यातला कोणता कुठला, हे नुसते हातात घेऊन ओळखता येत नाही.

पैदासकार ज्या गुणांच्या मागे लागतात ते बहुधा शेतात दिसतात. झाड रोगाला बळी पडत नाही, शेंगा जास्त लागतात, पीक दहा दिवस आधी काढणीला येते. तेलातला हा गुण दिसत नाही, आणि ज्याच्या शेतात तो तयार होतो त्याला त्याचा थेट फायदाही नाही. फायदा होतो तो दाणे भाजणाऱ्याला, पीनट बटर बनवणाऱ्याला, माल साठवणाऱ्याला. उच्च ओलेइक भुईमुगाचे, म्हणजे ज्याच्या तेलात ओलेइक हे टिकाऊ मेदाम्ल जास्त असते त्याचे, प्रकरण तपशिलात लिहावेसे वाटले ते म्हणूनच. जनुक सापडल्याची गोष्ट त्यात आहे आणि ती सुरेख आहे, पण खरा पेच त्यानंतर सुरू होतो.

खवटपणा येतो कुठून

भुईमुगाच्या तेलात दोन मेदाम्लांचे राज्य असते: ओलेइक आणि लिनोलेइक. दोघे मिळून साधारण ८० टक्के तेल व्यापतात. दोन्ही १८ कार्बनांच्या साखळ्या. ओलेइकमध्ये नवव्या कार्बनापाशी एक दुहेरी बंध असतो, लिनोलेइकमध्ये त्याच्या जोडीला बाराव्यापाशी आणखी एक. फरक एवढाच. पण दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो एकटा कार्बन सापडतो, त्याच्यावरचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे घुसतो. एक हायड्रोजन निसटला की साखळी सुरू होते, पेरॉक्साइडे तयार होतात, ती फुटून आल्डिहाइडे बनतात. आपण ज्याला खवट वास म्हणतो तो या आल्डिहाइडांचा. लिनोलेइकच्या ऑक्सिडीकरणाचा वेग ओलेइकच्या सुमारे दहापट धरला जातो. सोयाबीन आणि मोहरीत तीन बंधांचे लिनोलेनिकही असते, ते त्याहून चपळ. भुईमुगात ते जवळजवळ नसते, ही मुळातच जमेची बाजू.

तेल टिकाऊ करायचा जुना उपाय कारखान्यातला. तेलात हायड्रोजन वायू सोडायचा आणि दुहेरी बंध मोडायचे. पण हे काम अर्धवट केले की उरलेल्या बंधांपैकी काहींची ठेवण फिरते आणि ट्रान्स मेद तयार होतात. त्यांचा हृदयाला होणारा अपाय पक्का झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अर्धवट हायड्रोजनीकृत तेलांना ‘सुरक्षित’ म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल आणि मेदांतल्या ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्क्यांवर आली. म्हणजे टिकाऊपणा हवाच आहे, पण तो मिळवायची जुनी वाट बंद झाली.

हा दुसरा बंध दाण्यात आपोआप बसत नाही. तो बसवणारे एक एन्झाइम असते, एफएडी२ नावाचे. त्याचे काम एकच: ओलेइक घ्यायचे, बाराव्या जागी बंध बसवायचा, लिनोलेइक करून सोडायचे. ते थांबले की ओलेइक साचत जाते. पैदासकाराच्या दृष्टीने हे फार सोयीचे. नवे काम शिकवायला नवे जनुक लागते, चालू काम थांबवायला जुने जनुक बिघडले तरी पुरते, आणि बिघडलेली जनुके निसर्गात पडलेली असतात. शोधणारा हवा.

४९४ नमुन्यांतली एक लाइन

शोधणारा होता फ्लोरिडा विद्यापीठाचा भुईमूग विभाग. तिथले ए. जे. नॉर्डन हे ‘फ्लोरनर’ या १९६९ च्या वाणाचे पैदासकार. त्या एका वाणाने अमेरिकेतला भुईमूग बदलून टाकला होता. १९८७ मध्ये नॉर्डन आणि सहकाऱ्यांनी आपल्या कार्यक्रमातल्या ४९४ नमुन्यांच्या तेलाची तपासणी प्रसिद्ध केली. बाकीचे नमुने ओळखीच्या पट्ट्यात बसले. जवळच्या नात्यातल्या दोन लाइनी (पैदाशीतले, अजून वाण म्हणून प्रसारित न झालेले वंश) मात्र पार वेगळ्या निघाल्या: ओलेइक सुमारे ८० टक्के, लिनोलेइक जेमतेम २. यांतलीच लाइन पुढे एफ४३५ या नावाने प्रसिद्ध झाली.

ती कुणी घडवली नव्हती. सूर्यफुलात हाच गुण मिळवायला सोव्हिएत संघात क्रास्नोदारला सोल्दातोव यांनी बियांना डायमिथाइल सल्फेट लावले होते. त्यातून १९७६ मध्ये ‘पेर्वेनेत्स’ हा वाण पुढे आला. भुईमुगात रसायन नाही, किरण नाही, काही नाही. बदल आपोआप झाला आणि लाइन इतर लाइनींसारखीच प्लॉटमध्ये उभी राहिली. प्रत्येक लाइनीचे तेल तपासायचे हे कंटाळवाणे काम कुणी केले नसते, तर ती एखाद्या हंगामात उत्पादन कमी म्हणून काढूनही टाकली गेली असती. असे किती गुण फेकले गेले असतील, हा विचार पैदासकाराच्या मनातून सहसा जात नाही.

आता वारसा पाहू. १९८९ मध्ये त्याच विद्यापीठातून निष्कर्ष आला की हा गुण दोन अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आली तरच परिणाम दाखवणाऱ्या, जनुकांवर अवलंबून आहे. पण एक कोडे होते. काही संकरांत दुसऱ्या पिढीत १५ साध्या दाण्यांमागे १ उच्च ओलेइक दाणा मिळायचा, तर काही संकरांत ३ मागे १. एकच गुण, तो देणारी लाइन (दाता) एकच, आणि प्रमाण दोन.

उत्तर भुईमुगाच्या कुळात आहे. लागवडीचा भुईमूग दोन रानटी जातींच्या मिलनातून आला, म्हणून त्याच्याकडे गुणसूत्रांचे दोन पूर्ण संच आहेत, ए आणि बी. एफएडी२ बनवणाऱ्या जनुकाच्याही दोन प्रती, एक ए संचावर, एक बी संचावर. एकाच टाकीत पाणी सोडणारे हे दोन नळ. एक बंद केला तर धार बारीक होते, टाकी भरायची थांबत नाही. एफ४३५ मध्ये दोन्ही बंद होते. ए नळातला बिघाड म्हणजे जनुकाच्या डीएनएत ४४८ व्या जागी जी ऐवजी ए हे अक्षर. त्यामुळे प्रथिनातल्या १५० व्या जागचे ॲस्पार्टिक आम्ल जाऊन तिथे ॲस्पराजिन येते आणि एन्झाइम लुळे पडते. बी नळात ४४२ व्या जागी एक ए जास्तीचा घुसला आहे. तीन-तीन अक्षरांनी वाचायची ओळ एका अक्षराने सरकली की पुढचे सगळे वाचन बिघडते आणि प्रथिन अर्ध्यातच तुटते.

यातला पहिला बिघाड दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या भुईमूग संग्रहातला जो निवडक प्रातिनिधिक संच तपासला, त्यातल्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत तो आधीपासून होता. पसऱ्या आणि निमपसऱ्या भुईमुगाच्या उपजातीत तो सर्रास सापडतो. अशा वाणाशी एफ४३५ चा संकर केला तर एक नळ आईकडूनही बंद, बापाकडूनही बंद. उरलेल्या एकाचा खेळ ३ : १ चा. उपट्या भुईमुगाच्या उपजातीत मात्र त्या संचात हा बिघाड एकाही नमुन्यात नव्हता. तिथे १५ : १. कोडे सुटले, आणि पुढे भारतात हे काम अवघड का जाणार हेही त्याच वेळी ठरून गेले, कारण भारतात मोठे क्षेत्र उपट्याचेच आहे.

गुण चांगला, दाता कच्चा

फ्लोरिडाने १९९५ मध्ये ‘सनओलेइक ९५आर’ प्रसारित केला, पाठोपाठ ‘सनओलेइक ९७आर’. तेल अपेक्षेप्रमाणे होते. पण त्याच सुमारास आग्नेय अमेरिकेत टोमॅटो स्पॉटेड विल्ट विषाणूने भुईमूग झोडपला, आणि हे वाण त्याला सहज बळी पडणारे. दाण्यातले तेल कितीही टिकाऊ असो, झाडच टिकले नाही तर काय उपयोग! शेतकरी विषाणूला तोंड देणाऱ्या वाणांकडे वळला आणि उच्च ओलेइकचा प्रसार रेंगाळला. त्याला वेग आला तो पुढच्या काळात, हा गुण रोगप्रतिकारक वाणांत उतरवल्यावर. ‘टिफगार्ड’ हा सूत्रकृमी आणि विषाणू दोन्हींना तोंड देणारा वाण घेऊन मार्करच्या (डीएनएतली ठराविक जागा वाचून जनुक ओळखायच्या खुणेच्या) मदतीने त्यात उच्च ओलेइक बसवायचे संकर आणि निवडीचे काम तीन वर्षांच्या आत उरकले, तो अहवाल २०११ चा.

मला हा या प्रकरणातला पहिला धडा वाटतो, आणि तो तेलबियांपुरता नाही: गुणवत्तेचा गुण एकटा चालत नाही, त्याला कुणाच्या तरी खांद्यावर बसून यावे लागते. शेतकरी खांदा बघून निवडतो.

पटनचेरू ते जुनागड

हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत डॉ. पसुपुलेटी जनिला यांच्या गटाने २०११ च्या सुमारास हे काम हाती घेतले. दाता म्हणून सनओलेइक ९५आर. ज्यांत गुण उतरवायचा त्या लाइनी भारतीय परिस्थितीला रुळलेल्या, काही जास्त तेलाच्या, काही कमी तेलाच्या. दोन्ही प्रकार घेण्यामागे विचार होता. जास्त तेलाचा दाणा घाण्याला लागतो, कमी तेलाचा थेट खाण्यासाठी बरा.

आता हिशेब पाहा. उपट्या लाइनीत दोन्ही नळ चालू. दात्याशी संकर केला की पहिली पिढी दोन्ही जागी अर्धी-अर्धी. तिचे स्वफलन केले तर १६ दाण्यांत १ हवा तसा. १६ पैकी १ म्हणजे १६ दाणे पुरतील असे वाटते, पण योगायोगाचे गणित कडक असते. निदान एक हवा तसा दाणा मिळेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर ४७ दाणे तपासावे लागतात. लाइनीत ए बिघाड आधीच असता तर ११ पुरले असते.

भुईमुगात ४७ हा आकडा लहान नाही. मका किंवा मोहरीत एका फुलोऱ्यातून संकराचे शेकडो दाणे मिळतात. भुईमुगाचे फूल पहाटे उमलते आणि उमलण्याआधीच स्वतःचे परागण करून मोकळे होते. म्हणून आदल्या संध्याकाळी बसून, चिमट्याने कळी उघडून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परके पराग लावायचे. मग फुलाखालून आरी सुटते, ती जमिनीत शिरते, आणि शेंग मातीत धरते. कोणती आरी संकराची आणि कोणती झाडाची स्वतःची, हे कळावे म्हणून दोरा बांधून ठेवायचा. एवढे करून एका यशस्वी फुलामागे एक-दोन दाणे. हे काम करणाऱ्या मजुरांच्या बोटांची सफाई शोधनिबंधांत कधी येत नाही.

त्यातून बॅकक्रॉस करायचा असेल, म्हणजे संकराला पुन्हा पुन्हा भारतीय लाइनीशी जोडून दात्याचे नको ते गुण धुऊन काढायचे असतील, तर आणखी एक अडचण. गुण अप्रभावी असल्याने बॅकक्रॉसच्या दाण्यात तो लपलेला असतो. तेल तपासले तर साधे दिसते. चारपैकी एका दाण्यात दोन्ही बिघाड लपलेले असतात, पण तो कोणता? पूर्वी प्रत्येक फेरीनंतर एक पिढी स्वफलन करून बघावे लागे, म्हणजे प्रत्येक फेरीमागे एक हंगाम वाया. मार्करचा खरा उपयोग इथे झाला. रोपाचे पान किंवा दाण्याच्या कोंबाकडची बाजू सोडून काढलेला छोटा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, ४४८ आणि ४४२ या दोनच जागा वाचायच्या. हवे ते रोप त्याच हंगामात पुढच्या संकराला तयार.

इथे एक गैरसमज खोडायला हवा, कारण तो वारंवार भेटतो. मार्कर वापरला म्हणजे पीक जनुकबदल झाले असे नाही. मार्कर फक्त वाचतो. या वाणांत बाहेरचे जनुक घातलेले नाही. फ्लोरिडातला नैसर्गिक बिघाड साध्या परागणातून आला.

या लाइनींत ओलेइक चढले, लिनोलेइक घसरले आणि पामिटिक हे संपृक्त आम्लही काही टक्क्यांनी उतरले. पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या जुनागड इथल्या भुईमूग संशोधन संचालनालयाबरोबर अखिल भारतीय चाचण्या झाल्या. उच्च ओलेइक लाइनींसाठी स्वतंत्र चाचणी लावावी लागली, कारण नेहमीच्या चाचणीत तोलायचे ते उत्पादन आणि तेलाचे प्रमाण; तेलाच्या आतली ठेवण तिथे कुणी मोजत नव्हते. त्यातून आयसीजीव्ही १५०८३ आणि आयसीजीव्ही १५०९० या लाइनी निवडल्या गेल्या आणि जुनागडच्या डोंगराचे नाव घेऊन ‘गिरनार ४’ आणि ‘गिरनार ५’ झाल्या. प्रचलित वाणांत ४५ ते ५२ टक्के असलेले ओलेइक इथे अनुक्रमे ७८.५ आणि ७८.४ टक्के. १६ ऑक्टोबर २०२० रोजी पंतप्रधानांनी आठ पिकांचे १७ जैवसमृद्ध वाण देशाला अर्पण केले, त्यांत हे दोन होते. २०११ ते २०२०. भुईमुगाच्या मानाने हा वेग चांगलाच.

शुद्ध ठेवायचे कसे

वाण प्रसारित झाला की पैदासकाराचे काम संपते अशी समजूत आहे. या गुणाच्या बाबतीत मला उलटे वाटते. दाणा दिसायला वेगळा नाही, त्यामुळे भेसळ डोळ्यांना कळत नाही. बियाणे प्लॉटमध्ये परकी झाडे उपटताना आपण पानाचा रंग, झाडाची ठेवण, फुलोरा बघतो. इथे साधे आणि उच्च ओलेइक झाड एकाच ठेवणीचे असले तर उपटायचे कुणाला?

भेसळ तीन वाटांनी येते. सगळ्यांत मोठी वाट मळणी यंत्र, पोती, शेंगा फोडायचे यंत्र. आधीच्या खेपेचे मूठभर दाणे यंत्रात अडकलेले पुरतात. दुसरी वाट मागच्या हंगामातल्या शेंगांची: काढणीत मातीत राहिलेल्या शेंगा पुढच्या वर्षी उगवतात. तिसरी मधमाशीची. भुईमूग स्वपरागित, पण पूर्ण नव्हे. शेजारच्या साध्या वाणाचे पराग उच्च ओलेइक झाडावर पडले तर त्या एका दाण्याचा गर्भ अर्धा-अर्धा होतो, आणि तेल गर्भाच्या जनुकांवर ठरत असल्याने दाणा त्याच हंगामात साधा निघतो. एकाच शेंगेत एक दाणा एका प्रकारचा, दुसरा दुसऱ्या, असेही होऊ शकते.

किती भेसळ चालेल? याचे उत्तर कुणाला माल जातो त्यावर आहे, आणि चर्चेत हा मुद्दा फार कमी येतो. समजा शुद्ध मालात ओलेइक ७८.५ आणि लिनोलेइक ३ टक्के आहे, आणि साध्या मालात ४८ आणि ३० टक्के. १० टक्के साधा माल मिसळला तर एकत्रित तेलात ओलेइक ७५.५ राहते. लेबलावर ७० टक्क्यांचा दावा करायचा असेल तर २७ टक्क्यांपर्यंत भेसळ पचते! घाण्यावाला निर्धास्त. पण टिकाऊपणा ओलेइकच्या आकड्यावर नाही, लिनोलेइकच्या आकड्यावर अवलंबून आहे, आणि त्या १० टक्क्यांनी लिनोलेइक ३ वरून ५.७ वर गेलेले असते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. भुईमूग उद्योगात ओलेइक भागिले लिनोलेइक हे गुणोत्तर ९ च्या वर असावे असा दंडक धरतात. आपल्या उदाहरणात २० टक्के भेसळीला ओलेइक अजून ७२.४ आहे, दाव्यात बसते, गुणोत्तर मात्र ८.६ वर उतरले आहे. एकाच मालाला एक आकडा पास करतो, दुसरा नापास. लेबल वाचणाऱ्याने कोणता विचारायचा ते त्यावरून कळेल.

भाजक्या दाण्याचे गणित तर आणखी वेगळे. तिथे सरासरीला अर्थच नाही. पाकिटातल्या शंभर दाण्यांत दोन साधे असले तर ते दोन खवट होतात, आणि खाणारा त्या दोनच दाण्यांची आठवण ठेवतो. म्हणून दाण्याच्या खरेदीत एकेक दाणा तपासायची पद्धत आली: दाण्याच्या तेलाचा अपवर्तनांक (त्यातून जाताना प्रकाश किती वळतो ते) बघायचा किंवा एनआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या, यंत्रातून दाणा न फोडता वाचायचा. तेलासाठी सैल आणि दाण्यासाठी कडक, असे दोन निकष एकाच वाणाला लागू आहेत.

त्यात अपक्व दाण्याची मेख आहे. दाणा भरत जातो तसे त्यातले ओलेइक वाढते. जनुकाने अस्सल उच्च ओलेइक असलेला दाणाही कोवळेपणी काढला तर गुणोत्तर गाठत नाही. म्हणजे चाचणीत नापास झालेला बारीक दाणा भेसळीचा की घाईने काढलेला, हे तेलावरून सांगता येत नाही. डीएनए पाहावा लागतो. भुईमूग एकदम पक्व होत नाही, एका झाडावर भरलेल्या आणि कोवळ्या शेंगा एकत्र असतात. पाऊस येतोय म्हणून आठवडाभर आधी उपटलेल्या पिकाला बियाणे कंपनीची चूक म्हणून परत पाठवणे त्यामुळे सहज घडू शकते, आणि शेतकऱ्याला घाईचा दोष देऊन भेसळीचे बियाणे झाकणेही.

बियाण्याच्या साखळीचा वेगही मंद आहे. हेक्टरी साधारण १०० किलो दाणे पेरायचे आणि बियाणे म्हणून आठ-दहा पट परत मिळवायचे, अशी ही वाढ. १०० किलो मूलभूत बियाण्यापासून आठपटीने पैदासकार बियाणे, पायाभूत बियाणे, प्रमाणित बियाणे अशा तीन पायऱ्या चढलो तर हाती येते ५१,२०० किलो, म्हणजे पाचशे हेक्टरांची पेरणी. मोहरीत तेवढ्याच पायऱ्यांत कित्येक जिल्हे भरले असते. आणि प्रत्येक पायरीवर यंत्र आहे, पोते आहे, मधमाशी आहे. शेतकऱ्याने घरचे बी राखून पेरायची रीत भुईमुगात भक्कम आहे; ती राखावी असेच माझे मत, पण या गुणासाठी घरच्या बियाण्याचे दाणे दोन-तीन वर्षांनी तपासून घ्यायची सोय तालुक्याच्या पातळीवर नसेल तर गुण हळूहळू विरत जाणार.

ऑस्ट्रेलियाने या पेचातून वेगळी वाट काढली. तिथला भुईमूग उद्योग लहान, त्यांनी जवळजवळ सगळे पीकच उच्च ओलेइक करून टाकले. भेसळ करायला साधा माल शिल्लकच राहिला नाही. भारतासारख्या पसरलेल्या देशात सगळे वाण बदलणे शक्य नाही. एखाद्या सिंचित पट्ट्यात, एका खरेदीदाराभोवती, गावेच्या गावे एका वाणाखाली आणणे मात्र शक्य आहे, आणि मला तीच वाट शहाणपणाची दिसते.

शुद्धतेची मोजमापे जुळली तरी एक अडथळा कागदावरचा. शेंगदाणा तेलाच्या भारतातल्या पूर्वापार मानकात आयोडीन मूल्य ८५ ते ९९ धरलेले आहे. आयोडीन मूल्य म्हणजे दुहेरी बंधांची मोजणी. आता ८० टक्के ओलेइक आणि ३ टक्के लिनोलेइकच्या तेलाचा हिशेब करा: ते येते ७५ च्या आसपास. म्हणजे पैदासकाराने जो बंध मुद्दाम कमी केला, त्याच बंधाच्या अभावी जुन्या मोजपट्टीवर अस्सल तेल संशयित ठरते. सूर्यफूल आणि करडईच्या उच्च ओलेइक तेलांना आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात वेगळी नोंद मिळाली ती याच कारणाने.

आरोग्याचा दावा कितपत

या वाणांची जाहिरात ‘हृदयाला चांगले’ म्हणून होते. इथे मी जरा हात आखडता घेईन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ७० टक्क्यांहून कमी ओलेइक नसलेल्या तेलांसाठी एक मर्यादित दावा मान्य केला: रोज सुमारे २० ग्रॅम असे तेल संपृक्त मेद जास्त असलेल्या तेल-तुपाच्या जागी घेतले, आणि एकूण उष्मांक वाढू दिले नाहीत, तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. पुरावा पाठिंबा देणारा आहे, निर्णायक नाही, हेही त्यातच बजावले. ‘च्या जागी’ हे शब्द महत्त्वाचे. आधी पामतेल किंवा वनस्पती तूप खाणाऱ्याने हे तेल घेतले तर फायद्याचा दावा उभा राहतो. आधी साधे शेंगदाणा तेल खाणाऱ्याने बदलले तर तो बराच पातळ होतो, कारण ज्या लिनोलेइकला आपण हटवले ते काही विष नव्हते. ते अत्यावश्यक मेदाम्ल आहे, शरीराला स्वतः बनवता येत नाही, आणि संपृक्त मेदाच्या जागी आले तर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल तेही उतरवते. सगळ्या आहारातले तेल उच्च ओलेइक केले तर लिनोलेइक दुसरीकडून येते का, हे बघावे लागेल.

टिकाऊपणाचा दावा मात्र भक्कम आहे, आणि माझ्या मते विकायचा असेल तर तोच विकावा. कमी खवट होणारे तेल, तळताना उशिरा बिघडणारे तेल, ट्रान्स मेदाशिवाय टिकणारे तेल: यातले काहीही ताणून सांगावे लागत नाही. फक्त त्यात अफलाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीतून येणाऱ्या विषाचा, मुद्दा मिसळू नये. ओलेइक वाढले म्हणून बुरशी थांबत नाही. शेंग वाळवायची तशीच नीट वाळवावी लागते.

राहिला शेतकरी. त्याला वेगळे बियाणे आणायचे, वेगळे शेत राखायचे, मळणी यंत्र आधी झाडून घ्यायचे, वेगळ्या पोत्यांत माल भरायचा आणि दाणा पूर्ण भरेपर्यंत थांबायचे आहे. या प्रत्येक गोष्टीला पैसा किंवा जोखीम लागते आणि ती काढणीच्या आधी लागते. खरेदी केंद्रावर नमुना नापास झाला तर माल साध्या भुईमुगाच्या भावाने जातो, झालेला खर्च परत येत नाही. करारात चाचणी कोणत्या आकड्यावर, किती दाण्यांची, कुणाच्या यंत्रावर, आणि कोवळ्या दाण्यांचे काय करायचे, हे पेरणीआधी लिहिलेले असले तर ही जोखीम दोघांत वाटली जाते. लिहिलेले नसले तर ती सगळी त्याच्याच पोत्यात राहते.